वस्त्रगाळ पाणी

‘नारू’ हा रोग महाराष्ट्रांत एके काळीं गांवोगांवीं ठाऊक होता. रोगी पायऱ्यांच्या विहिरींत उतरे, तेव्हां त्याच्या पायांतील कृमि पाण्यांत अळ्या सोडी. सायक्लॉप्स नांवाचे सूक्ष्म जलजीव त्या गिळीत. असलें पाणी जो पिई, त्याच्या पायावर सुमारें वर्षभरानें फोड येऊन दीड-दोन हात लांबीचा कृमि हळूहळू बाहेर पडे. रोगी कित्येक आठवडे अंथरुणास खिळे, शेत पडीक राही.

यावर ना लस निघाली, ना औषध. तरीहि भारतांतील शेवटचा रोगी १९९६ सालीं आढळला, आणि २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आपला देश नारूमुक्त ठरविला. हें साधलें तें मुख्यत्वें पाणी कापडानें गाळल्यानें व रोग्यास पाण्यांत उतरूं न दिल्यानें. आपल्या नारपोलींत मागांवर विणलें जातें तसलें साधें कापड एवढ्या मोठ्या शत्रूस पुरून उरलें!

अंकुशकृमि मात्र अद्याप आहे. तो अनवाणी पायाच्या त्वचेंतून शिरून आंतड्यांतील रक्त शोषितो. मूल फिकट पडतें, अभ्यासांत मागें राहतें. येथें गाळणें चालत नाहीं. शौचालय व पायांत वहाणा हव्यात. शाळेंत जंताची गोळी मिळते, तिला पालकांनीं नाहीं म्हणूं नये.