बायबलची पुस्तकं ६६ की ७३?

प्रश्न : माझ्या बायबलमध्ये ६६ पुस्तकं आहेत, कॅथलिक मैत्रिणीच्या बायबलमध्ये ७३. असं का? आणि वाचायला सुरुवात कुठून करू?

उत्तर : नव्या कराराची २७ पुस्तकं दोघींकडे सारखीच आहेत, फरक जुन्या करारात आहे. तोबीत, मक्काबी अशी सात पुस्तकं जुन्या कराराच्या ग्रीक संग्रहातली; ती मैत्रिणीच्या बायबलमध्ये आहेत, तुमच्यात नाहीत. प्रॉटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरने १५३४च्या जर्मन बायबलमध्ये ती वेगळी काढली. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५४६मध्ये ती पवित्रशास्त्रातलीच ठरवली. प्रॉटेस्टंट पंथ शास्त्रवचन हाच अंतिम निकष मानतात, कॅथलिक चर्च परंपरेलाही प्रमाण मानतं. सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून करा. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान. स्तोत्रं काव्य म्हणून वाचा. पौलाची पत्रं वाचताना ती कोणाला, कोणत्या पेचात लिहिली, हे आधी पाहा.