मशीन वाजतं, ओळखायचं आपण

कर्जत-खालापुरात भात कापून झालं की खाचरं मोकळी होतात. तेव्हा घरच्या आणि ओळखीच्यांच्या शेतात, मालकाला विचारूनच, मी मेटल डिटेक्टर घेऊन फिरतो. नाणं कुठलं आणि भंगार कुठलं, याबद्दल या मातीने जे शिकवलं ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

१. आकड्यावर निकाल देऊ नका.
धातूतून वीज किती सहज वाहते आणि वस्तूचा आकार केवढा, यावर पडद्यावरचा आकडा ठरतो. त्यामुळे तांब्याचा पैसा आणि पंपाच्या वायरीचं वेटोळं सारखंच वाजू शकतं. आकडा बघून खोदायचं की नाही ते ठरवा. काय निघणार ते ठरवू नका.

२. नाण्यांची सालं पाठ करा.
परदेशी पुस्तकांतले नियम तिथल्या नाण्यांचे. आपल्याकडे पाव आणा १९०६ पर्यंत तांब्याचा होता, मग कांस्याचा झाला. रुपयातली चांदी १९४० मध्ये निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. १९५७ चा नवा पैसा कांस्याचा. पुढे १९६० च्या दशकात लहान नाणी ॲल्युमिनियमची झाली. तांबं आणि चांदी उंच, स्वच्छ वाजतात. ॲल्युमिनियमचा छोटा पैसा मात्र गोळ्यांच्या स्ट्रिपच्या तुकड्याशी सहज गल्लत करायला लावतो. अंगणात प्रत्येक काळाचं एकेक नाणं, शेजारी खिळा, बाटलीचा बिल्ला आणि गोळ्यांची स्ट्रिप पुरून ठेवा. कान तिथेच तयार होतो.

३. लोखंड सरसकट गाळू नका.
१९८८ पासून आपली अनेक नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची आहेत. लोखंड वगळायचं बटण दाबलं की ती कधी गप्प राहतात, कधी बाटलीच्या बिल्ल्यासारखी फाटकी वाजतात. जुनंच शोधायचं असेल तर ते चालेल, पण आपण काय सोडतो आहोत ते ठाऊक हवं.

४. काटकोनात फिरून पुन्हा ऐका.
आडवं पडलेलं गोल नाणं चारही बाजूंनी एकसारखं वाजतं. खिळा एका बाजूने वाजतो आणि दुसऱ्या बाजूने तुटतो. मग कॉइल हळूहळू वर उचला. नाण्याचा आवाज लवकर मरतो; डबा किंवा पत्रा उंचावरूनही वाजत राहतो. उभं रुतलेलं नाणं फसवतं, म्हणून शंका असेल तिथे खोदावं.

५. आधी मातीशी जुळवून घ्या.
इथला काळा कातळ लोहखनिजाने भरलेला, त्याची मातीही तशीच. त्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजलेली जागा आणखी वेगळी असते: तापलेल्या मातीतलं लोह जास्त चुंबकीय होतं आणि मशीन उगाच कुरकुरतं. खाचरातून राबाच्या तुकड्यावर गेलात की ग्राउंड बॅलन्स पुन्हा करा आणि सेन्सिटिव्हिटी थोडी उतरवा.

६. जागेचा इतिहास वाचा.
रेल्वे १८५६ मध्ये खोपोलीला आली, खंडाळा-पुणे मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, पण बोरघाटातून गाडी चढली ती १८६३ मध्ये. मधली वर्षं प्रवासी घाट पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून ओलांडत. अशा वाटेलगतच्या शेतात बैलांच्या पत्र्या आणि नालांचे खिळे निघतात, तसा एखादा पैसाही. फार्महाऊसशेजारच्या नदीकाठी मात्र बिल्ले आणि कॅनच्या कड्या. सिग्नल तोच असला तरी जागेनुसार त्याचा अर्थ बदलतो.

७. शिवराई सापडली की थांबा.
एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' ही अक्षरं दिसली की हात थरथरतो, आणि थरथरायलाच हवा. पण ही नाणी शिवाजी महाराजांनंतरही दीर्घकाळ पाडली गेली. शिवराई मिळाली म्हणजे ती शिवकाळातलीच असं नाही. चिंच, लिंबू, राख लावू नका. घासलं की अक्षरांबरोबर तिचा काळही पुसला जातो. जागा आणि खोली लिहून ठेवा. एकाहून जास्त नाणी किंवा मडक्याचा काठ दिसला तर खोदणं तिथेच बंद.

८. कायदा पाळा.
१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त मोलाचं जमिनीत दडलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कोंढाणे लेणी, कोथळीगड, १६६१ च्या लढाईची उंबरखिंड, या जागी मशीन नेऊच नका. तिथला गंजका खिळासुद्धा जागच्या जागी असेल तरच अभ्यासकाला काही सांगू शकतो. आपल्या शेतातला खड्डा बुजवा, निघालेलं भंगार घरी न्या, आणि नाण्याची नोंद शेतमालकालाही द्या. ती जमीन त्याची आहे, तिचा इतिहास आधी त्याला कळायला हवा.