"आता एवढं आलोच आहोत तर..." : विमान उतरवताना घेतलेला निर्णय आणि आपला वर्ग



'वाहतुकीची साधने' शिकवताना चौथीतल्या एका मुलाने मला विचारलं, "मॅडम, विमान खाली उतरता उतरता परत वर जाऊ शकतं का?" मी म्हटलं, "हो, जाऊ शकतं." त्यावर त्याचा पुढचा प्रश्न आला, "मग अपघात का होतात?"

प्रश्न लहान होता, पण उत्तर द्यायला मला बरंच वाचावं लागलं. वाचल्यावर वाटलं की हा धडा मुलांपेक्षा आपल्या मोठ्यांसाठीच जास्त आहे. म्हणून हा लेख.

आधी थोडी माहिती

विमान उतरताना हळूहळू, साधारण तीन अंशांच्या उतारावरून धावपट्टीकडे येतं. ठरावीक उंचीवर आल्यावर त्याचा वेग, दिशा आणि खाली येण्याची गती ठरलेल्या मर्यादेत असावी लागते. ढगाळ हवामानात ही तपासणी साधारण 1000 फुटांवर होते आणि स्वच्छ हवामानात 500 फुटांवर. सगळं जुळत असेल तर उतरायचं. एकही गोष्ट जुळत नसेल तर इंजिनाची शक्ती वाढवून विमान पुन्हा वर न्यायचं, एक फेरी मारायची आणि परत प्रयत्न करायचा. याला 'गो-अराउंड' म्हणतात.

विमानात बसलेल्यांना त्या वेळी भीती वाटते. खरं तर ती वैमानिकाने दाखवलेली सावधगिरी असते. तरीही फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेच्या अभ्यासात असं दिसलं की उतरताना गणित न जुळलेल्या 100 विमानांपैकी साधारण 97 विमानं तशीच पुढे जाऊन उतरतात. बहुतेक सुखरूप उतरतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. चुकीचा निर्णय घेऊनही काही बिघडलं नाही, की पुढच्या वेळी तोच निर्णय सोपा वाटतो.

मंगळूर, 22 मे 2010

एअर इंडिया एक्सप्रेसचं दुबईहून आलेलं विमान पहाटे सहाच्या सुमारास मंगळूरला उतरत होतं. पाऊस नव्हता, वाराही शांत होता. कॅप्टनचा अनुभव दहा हजार तासांहून जास्त. मंगळूरची धावपट्टी टेकडीच्या सपाट माथ्यावर आहे आणि ती संपली की दरी. अशा धावपट्टीला 'टेबलटॉप' म्हणतात.

या अपघाताच्या चौकशी न्यायालयाचे प्रमुख हवाई दलाचे निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले होते. अहवालातून पुढे आलेला घटनाक्रम असा : कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणानुसार कॅप्टन दीड तासाहून अधिक काळ झोपले होते आणि उतरण्याच्या थोडं आधी जागे झाले होते. गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ डोकं जड असतं, निर्णय मंदावतात. त्यात मंगळूरचं रडार बंद असल्याने विमानाला खाली येण्याची परवानगी नेहमीपेक्षा कमी अंतरावर मिळाली. त्यामुळे विमान हवं त्यापेक्षा बरंच उंच राहिलं. ते धावपट्टीकडे जवळजवळ कोसळल्यासारखं वेगाने खाली आणलं गेलं. यंत्र धोक्याचे इशारे देत होतं. सहवैमानिकाने 'गो-अराउंड' असं तीनदा सांगितलं. कॅप्टनने ते ऐकलं नाही.

8,033 फूट लांबीच्या धावपट्टीवर विमानाची चाकं टेकली ती सुमारे 5,200 फूट पुढे. पुढे काय झालं ते फार वाईट आहे. ब्रेक लावायला सुरुवात केल्यावर कॅप्टनने मध्येच विचार बदलला आणि पुन्हा उड्डाण करायचा प्रयत्न केला. तोपर्यंत धावपट्टी संपत आली होती. विमान दरीत गेलं. 166 पैकी 158 जणांचा जीव गेला, फक्त 8 वाचले. चाकं टेकल्यावर पूर्ण ताकदीने ब्रेक दाबून धरले असते, तर विमान थांबू शकलं असतं, असंही चौकशीत दिसून आलं. म्हणजे योग्य निर्णय आधी घेतला गेला नाही, आणि शेवटी घेतला तेव्हा तो योग्य राहिला नव्हता.

कोळिकोड, 7 ऑगस्ट 2020

दहा वर्षांनी पुन्हा तसंच घडलं. करोनाकाळात 'वंदे भारत' मोहिमेतलं दुबईहून आलेलं विमान, 190 माणसं, मुसळधार पाऊस, आणि पुन्हा टेबलटॉप धावपट्टी. कॅप्टन दीपक साठे हे हवाई दलातले माजी विंग कमांडर, अत्यंत अनुभवी. ही बातमी आपल्याकडे घराघरांत हळहळ लावून गेली होती.

पहिल्या प्रयत्नात त्यांनी विमान पुन्हा वर नेलं. हे अगदी बरोबर केलं. दुसऱ्या प्रयत्नात दुसऱ्या दिशेने आले, तेव्हा वारा पाठीमागून होता. 8,858 फुटांच्या धावपट्टीवर विमान टेकलं ते 4,438 फुटांवर, म्हणजे अर्धी धावपट्टी मागे टाकून. सहवैमानिकाने 'गो-अराउंड' सांगितलं होतं. विमान धावपट्टीपलीकडे उतारावरून खाली जाऊन तुटलं. दोन्ही वैमानिकांसह 21 जण गेले.

चौकशी अहवालात संभाव्य कारण म्हणून नियमांचं पालन न होणं तर लिहिलंच आहे. त्याचबरोबर सहवैमानिकाने ताबा स्वतःकडे घेतला नाही, हेही लिहिलं आहे. मंगळूरच्या अहवालातही अशीच नोंद आहे. सहवैमानिकाला स्वतःहून गो-अराउंड करण्याचा अधिकार देणाऱ्या सूचना संदिग्ध होत्या, म्हणून त्याने बहुधा नुसतं सांगितलं, हातात घेतलं नाही.

गेलेल्या माणसांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्या खुर्चीत बसून, त्या थकव्यात आणि पावसात निर्णय घेणं काय असतं, हे आपल्याला जमिनीवरून कळणार नाही. पण त्यातून शिकलं नाही तर तो त्यांच्यावरही अन्याय होईल.

अनुभवी माणसं का थांबत नाहीत?

मला तीन कारणं दिसतात.

पहिलं, "आता एवढं आलोच आहोत तर..." मुक्काम डोळ्यांसमोर दिसला की माणूस मागे फिरत नाही. पावसाळ्यात पुलावरून पाणी वाहत असतं, पलीकडे घर दिसत असतं, आणि आपण गाडी घालतो. विमानातही मन तेच असतं.

दुसरं, थकवा. थकलेल्या माणसाला आपण थकलोय हे कळत नाही.

तिसरं, मान. मोठ्याला टोकायचं कसं? 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावर दोन जंबो विमानं धावपट्टीवर धडकली आणि 583 जण गेले. तिथेही समोरची धावपट्टी मोकळी झाली नसावी, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती उडवून लावली. त्यानंतरच्या काळात वैमानिकांना नवं प्रशिक्षण सुरू झालं : कनिष्ठाने स्पष्ट बोलायचं आणि वरिष्ठाने ऐकायचं.

आणि आपला वर्ग?

मागच्या वर्षी मी फळ्यावर वजाबाकी सोडवत होते. शेवटचा तास, डोकं दुखत होतं. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हातचा राहिला." मी न बघताच म्हटलं, "आधी लिहून घ्या." तिने पुन्हा हात वर केला, मी डोळे मोठे केले. तिने हात खाली घेतला. दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना कळलं, सगळ्यांचं उत्तर चुकलेलं. तिचंसुद्धा! तिला बरोबर उत्तर येत होतं, तरी तिने माझं चुकीचं उतरवून घेतलं होतं.

इथे कुणाचा जीव गेला नाही. पण हात खाली घ्यायला ती माझ्याकडूनच शिकली. उद्या ती एखाद्या कॉकपिटमध्ये, शस्त्रक्रियेच्या खोलीत किंवा कारखान्यात असेल, तेव्हा ती दुसऱ्यांदा बोलेल का?

वर्गात आणि घरी करता येईल असं काही

1. गणित : वरचे आकडे फळ्यावर लिहा. चाकं टेकल्यावर दोन्ही ठिकाणी किती फूट धावपट्टी उरली, हे मुलांना काढू द्या.

2. 'थांबा' हा शब्द : वर्गात ठरवून घ्या की कुणीही 'थांबा' म्हटलं की आधी थांबायचं, मग बघायचं. मूल चुकलं असलं तरी रागवायचं नाही. बऱ्याच विमान कंपन्यांचंही आज हेच धोरण आहे : गो-अराउंड केल्याबद्दल शिक्षा नाही.

3. पालकांसाठी : गाडीत मुलाने "बाबा, हळू" म्हटलं तर "तू गप्प बस" ऐवजी आधी वेग कमी करा. बोलणं नंतर.

त्या मुलाला मी शेवटी उत्तर दिलं : "विमान परत वर जाऊ शकतं. पण त्यासाठी कुणीतरी वेळेवर सांगावं लागतं, आणि कुणीतरी ऐकावं लागतं."

आता माझ्या वर्गात रोज एकदा तरी 'थांबा' ऐकू येतं. कधी कधी पोर्शन मागे राहतो. राहू दे.