पावसाचे गणित

ज्येष्ठ महिना सरत आलेला असतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या जिरायती भागात शेते नांगरून, कुळवून तयार असतात. बाजरीचे बी घरात आणून ठेवलेले असते. मृगाची एखादी सर येते, माती ओली होते, आणि शेतकरी बांधावर उभा राहून पश्चिमेकडे पाहू लागतो. आज पेरावे, की आणखी आठ दिवस थांबावे? पेरले आणि पावसाने ओढ दिली, तर कोवळे मोड मातीतच करपतात; बी जाते, मजुरी जाते आणि दुबार पेरणी कपाळी येते. थांबावे, तर वाफसा निघून जातो. ह्या एका प्रश्नाच्या उत्तरावर घराची वर्षाची भाकरी अवलंबून असते.

हा प्रश्न ह्या भागाला इतका जाचक का व्हावा? अरबी समुद्रावरून येणारे ढग आपले बहुतेक पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरच ओतून टाकतात. लोणावळ्यास वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बारामती-इंदापूरकडे येईपर्यंत मात्र ढगांची झोळी रिकामी होत आलेली असते. येथे सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस होतो. नीरेचा डावा कालवा आणि भीमेवरील उजनी धरण ह्यांचे पाणी जेथे पोचले, तेथे उसाचे मळे डोलू लागले. जेथे पोचले नाही, तेथील शेतकऱ्याची नजर आजही आभाळाकडेच लागलेली असते.

मुलांनो, पाऊस केव्हा पडेल हे गणित करून काढता येईल काय? हवा आपल्याला लहरी वाटते. पण उष्णता, दाब, वारा आणि बाष्प हे सारे निसर्गाच्या नियमांनी बांधलेले असतात. आजची हवा नीट मोजली, तर उद्याची हवा आकडेमोडीने काढता आली पाहिजे, असे लुईस फ्राय रिचर्डसन ह्या इंग्रज शास्त्रज्ञास वाटले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवीत असताना, फावल्या वेळात त्याने हे गणित हाताने करून पाहिले. अवघ्या सहा तासांच्या हवेचे भाकीत काढण्यास त्यास सुमारे सहा आठवडे लागले, आणि तेही चुकले! तरीही तो निराश झाला नाही. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने एक अद्भुत चित्र रंगविले. एका प्रचंड वर्तुळाकार सभागृहात ६४,००० माणसे बसली आहेत. प्रत्येकाकडे पृथ्वीचा एकेक तुकडा सोपविला आहे. प्रत्येक जण आपल्या तुकड्याचे गणित करून उत्तर शेजाऱ्यास कळवीत आहे. इतक्या हातांनी एकदम काम केले, तरच गणित हवेच्या बरोबरीने धावू शकेल, असे त्याचे म्हणणे होते.

माणसांचे असे सभागृह कधीच उभे राहिले नाही. परंतु पुढे संगणक जन्मास आला आणि त्याने हे काम अंगावर घेतले. १९८० नंतरच्या दशकात भारतानेही हवामानाच्या अंदाजासाठी अमेरिकेतून 'क्रे' नावाचा महासंगणक आणण्याचे ठरविले. ह्या यंत्राचा उपयोग अण्वस्त्रांसाठी होईल, अशी शंका अमेरिकेस आली. भारताने मागितले होते त्याहून लहान यंत्र, आणि तेही अनेक अटी घालून, देण्यात आले. ते दिल्लीस बसविले गेले.

ज्याच्या हाती दोरी, त्याच्या मर्जीवर विहिरीचे पाणी! हे ओळखून भारताने आपला महासंगणक आपणच बांधावयाचे ठरविले. १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. तिचे नेतृत्व अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकर ह्यांच्याकडे सोपविण्यात आले. मुदत होती अवघी तीन वर्षे.

एकच अतिवेगवान यंत्र घडविणे त्या वेळी आवाक्याबाहेरचे होते. तेव्हा ह्या मंडळींनी वेगळी वाट धरली. आपल्या खेड्यांत 'इर्जिक' नावाची जुनी रीत आहे. एखाद्याचे शेत मोठे आणि बैल थोडे असले, म्हणजे शेजारीपाजारी आपापली औते घेऊन येतात आणि चार दिवसांचे काम एका दिवसात उरकतात. पुण्यात झाली ती आकड्यांची इर्जिकच होती. 'ट्रान्सप्यूटर' नावाचे ६४ लहान गणक एकमेकांस जोडण्यात आले. मोठे गणित ६४ जणांत वाटून द्यावयाचे आणि सर्वांनी ते एकाच वेळी सोडवावयाचे, अशी ही योजना होती. पण नुसती वाटणी करून भागत नाही. एका तुकड्यातील वारा दुसऱ्यात शिरतो. म्हणून प्रत्येक गणकास शेजाऱ्यांशी निरोपांची देवघेव करण्यासाठी चार वाटा ठेवलेल्या होत्या. कोणी कोणास केव्हा निरोप द्यावा, ह्याची शिस्त बसविणे हेच खरे अवघड काम होते.

ते काम तडीस गेले. १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. तो एका सेकंदात जास्तीत जास्त १०० कोटी आकडेमोडी करू शकत असे. रिचर्डसनचे सभागृह आता चार भिंतींच्या खोलीत मावले होते.

त्यानंतर हे शास्त्र फार पुढे गेले. हवेचे गणित करताना भूमीवर चौकोनांचे जाळे कल्पितात. १९९० नंतरच्या दशकात दिल्लीस जे गणित होई, त्यातील एका चौकोनाची बाजू सुमारे १५० किलोमीटर होती. बारामती आणि इंदापूर ह्या गावांतील सरळ अंतर सुमारे ४५ किलोमीटर. म्हणजे दोन्ही गावे एकाच चौकोनात सहज मावत, आणि दोहोंस एकच अंदाज लागू होई. २०२४ साली पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत 'अर्क' हा महासंगणक सुरू झाला. त्याचा वेग 'परम ८०००'च्या सुमारे १ कोटी १७ लाख पट आहे! २०२५ साली भारताने जे नवे गणित वापरात आणले, त्यातील चौकोनाची बाजू सहा किलोमीटर आहे. आता बारामतीचा अंदाज वेगळा, इंदापूरचा वेगळा.

तरीही गणित म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. हवेच्या मोजमापात राहिलेली बारीकशी चूक दिवसांमागून दिवस वाढत जाते. म्हणून उद्याचा अंदाज जितका भरवशाचा, तितका दहा दिवसांनंतरचा नसतो. पेरणीचा निर्णय अखेर शेतकऱ्यालाच घ्यावा लागतो. पण बांधावर उभा असलेला तो आता अगदी एकटा नाही. त्याच्या मुठीतील बियांसाठी दूर पुण्यात असंख्य गणकांची इर्जिक रात्रंदिवस चालू आहे.

स्वाध्याय

१. बारामती-इंदापूर भागात पाऊस कमी का पडतो?
२. रिचर्डसनचे सभागृह आणि 'परम ८०००' ह्यांत कोणते साम्य आहे?
३. 'ज्याच्या हाती दोरी, त्याच्या मर्जीवर विहिरीचे पाणी' हे वाक्य पाठात कशास उद्देशून आले आहे?
४. तुमच्या गावात इर्जिक किंवा तशी एखादी रीत आहे काय? वडीलधाऱ्यांस विचारून दहा ओळी लिहा.