शाळेचा निरोप आणि पालक : पानिपतच्या निमित्ताने

पानिपत म्हटले की मराठी वाचकाला १४ जानेवारी १७६१ हा दिवस आठवतो. त्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना उत्तरेकडे जात असताना वाटेतच एका सावकाराच्या सांकेतिक पत्रातून कळली, असे सांगितले जाते. पत्रात मोती आणि मोहरांचा हिशेब होता; ज्याला संकेत ठाऊक होता त्यालाच त्याचा अर्थ उमगला. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या आजच्या पानिपतमध्ये एका निराळ्या निरोपाचा प्रश्न आहे. शाळेचा निरोप आता क्षणार्धात घरी पोहोचतो. परंतु तो कोणाच्या हाती पडतो, त्याला तो कळतो का, आणि कळल्यावर त्याला काही करता येते का, या प्रश्नांची उत्तरे तंत्रज्ञान आपोआप देत नाही. शिक्षण व मानव विकास या घटकाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा विषय केवळ ‘डिजिटल शिक्षण’ या शीर्षकाखाली न पाहता माहितीच्या अर्थशास्त्राचा एक भाग म्हणून पाहावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

विणकरांचे शहर

फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या विस्थापितांनी पानिपतच्या वस्त्रोद्योगाला नवे रूप दिले. सतरंज्या, चादरी, ब्लँकेट आणि गालिचे यांबरोबरच परदेशातून येणाऱ्या जुन्या कपड्यांपासून पुन्हा सूत काढण्याचा व्यवसाय येथे मोठ्या प्रमाणावर चालतो. या उद्योगातील श्रमिकांत बिहार, उत्तर प्रदेश व पश्चिम बंगालमधून आलेली कुटुंबे बरीच आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती. पुरुष साक्षरता सुमारे ८४ टक्के, तर स्त्री साक्षरता सुमारे ६७ टक्के होती. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ या योजनेचा प्रारंभ २२ जानेवारी २०१५ रोजी पानिपत येथूनच झाला, हेही लक्षात घ्यावे. त्या काळी हरियाणातील बाल लिंग गुणोत्तर देशात सर्वांत चिंताजनक गणले जात होते.

अशा शहरातील यंत्रमाग कामगाराची कल्पना करा. त्याची मजुरी नगावर ठरते आणि काम पाळीत चालते. मुलगी आठवीत आहे. शाळेने सकाळी अकरा वाजता पालक सभा ठेवली, तर तेथे जाण्याचा खर्च रिक्षाच्या भाड्याएवढा नसतो. तो बुडालेल्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीएवढा असतो. हाच संधी खर्च. ‘गरीब पालकांना शिक्षणाची आस्था नाही’ हे शिक्षकांच्या खोलीत वारंवार ऐकू येणारे विधान या खर्चाचा हिशेब न करता केलेले असते. इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडी येथील शाळांनाही हाच हिशेब लागू पडतो.

निरोप्या विद्यार्थी

फोन येण्यापूर्वी शाळा आणि घर यांच्यातील निरोप्या म्हणजे स्वतः विद्यार्थी. प्रगतिपुस्तक घेऊन जाणारा तोच आणि पालकांची सही आणणारा तोच. आमच्या पिढीतील अनेकांनी ते पुस्तक दप्तराच्या तळाशी दोन-चार दिवस मुक्कामास ठेवल्याचे कबूल करावे लागेल. प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नाही. ज्याच्याविषयी माहिती द्यायची त्याच्याच हाती ती सोपवली, तर ती गाळून जाणार हे उघड आहे.

अर्थशास्त्रात यास माहितीची असममितता म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन ही संकल्पना मांडली आणि २००१ मध्ये मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शाळेच्या बाबतीत ही असममितता दुहेरी असते. मूल वर्गात काय शिकते हे पालकाला ठाऊक नसते. घरी अभ्यासाला जागा, उजेड व वेळ आहे का, हे शिक्षकाला ठाऊक नसते. रेबेका डायझन-रॉस यांनी मलावी देशात केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पालकांचे आपल्या मुलांच्या गुणवत्तेविषयीचे अंदाज बरेच चुकीचे आढळले, आणि गरीब पालकांच्या बाबतीत ही चूक अधिक होती. खरी माहिती मिळताच पालकांनी मुलांच्या शिक्षणावरील खर्चाचे निर्णय बदलले. म्हणजे आस्था होती, माहिती नव्हती.

मासळीचा भाव आणि मुलाची प्रगती

मोबाइल फोनमुळे माहितीची दरी कशी मिटते, याचे उदाहरण म्हणून रॉबर्ट जेन्सन यांचा केरळमधील मच्छीमारांचा २००७ चा अभ्यास सर्वत्र दिला जातो. १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाइल सेवा आली. मच्छीमार समुद्रातूनच निरनिराळ्या बंदरांतील भाव विचारू लागले. भावांतील तफावत घटली, फेकून द्यावी लागणारी मासळी जवळजवळ नाहीशी झाली, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली.

हे उदाहरण शाळेला जसेच्या तसे लावता येत नाही. मासळीचा भाव हा एक आकडा असतो आणि तो कळल्यावर नाव कोणत्या बंदराकडे वळवायची, हे मच्छीमाराला सांगावे लागत नाही. ‘आपल्या पाल्यास गणितात क-२ श्रेणी मिळाली आहे’ हा संदेश वाचून यंत्रमागावरच्या बापाने काय करावे? त्याला श्रेणीचा अर्थ ठाऊक नसेल तर तो संदेश सावकाराच्या पत्राइतकाच सांकेतिक ठरतो. याउलट ‘मुलगी या आठवड्यात तीन दिवस शाळेत आलेली नाही’ हे वाक्य त्याला तत्काळ कळते आणि त्यावर तो त्याच संध्याकाळी काही करू शकतो. संदेशाचे मोल अशा रीतीने त्याच्या वेगापेक्षा त्याच्या नेमकेपणावर अवलंबून असते.

चिली देशात शाळांमधून पालकांना हजेरी, वर्तन व गणिताचे गुण यांविषयी नियमित लघुसंदेश पाठवण्याचा प्रयोग झाला. त्यात मुलांचे गणिताचे गुण व हजेरी या दोहोंत सुधारणा दिसली. सुधारणा लहान होती, परंतु तिच्यासाठी लागणारा खर्चही अत्यल्प होता.

निव्वळ माहिती पुरत नाही, याचा भारतीय पुरावाही आहे. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ या संस्थेसमवेत केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. गावात शिक्षण समिती आहे, हेच बहुसंख्य पालकांना माहीत नव्हते. सभा घेऊन समितीचे अधिकार आणि मुलांची वाचनपातळी यांची माहिती दिल्यावरही शाळेच्या कारभारात फरक पडला नाही. मात्र गावातील स्वयंसेवकांना वाचन शिकवण्याचे तंत्र दिले, तेव्हा वाचनवर्गाला येणाऱ्या मुलांचे वाचन सुधारले.

२०२० चा धडा

मार्च २०२० मध्ये कोविड महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षक-पालक संपर्काचा प्रयोग एकाएकी संपूर्ण देशात करावा लागला. हरियाणाने ‘घर से पढाओ’ ही मोहीम हाती घेतली आणि वर्गवार व्हॉट्सॲप गट तयार झाले. महाराष्ट्रात ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ हा उपक्रम चालला. ‘असर’ सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. ते २०२० मध्ये ६१.८ टक्के आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाले. परंतु २०२० च्या सर्वेक्षणाच्या आठवड्यात शाळेकडून अभ्याससाहित्य मिळालेली मुले सुमारे एक तृतीयांशच होती. न मिळाल्याचे कारण विचारले असता, स्मार्टफोन नाही असे सांगणाऱ्यांपेक्षा ‘शाळेने काही पाठवलेच नाही’ असे सांगणारे कितीतरी अधिक होते. साधनांच्या विषमतेवर झालेल्या चर्चेत ही गोष्ट काहीशी मागे पडली.

याच काळात आफ्रिकेतील बोत्स्वाना देशात सुमारे साडेचार हजार कुटुंबांवर एक यादृच्छिक चाचणी घेण्यात आली. काही कुटुंबांना दर आठवड्याला गणिताचे उदाहरण असलेला एसएमएस पाठवण्यात आला. काहींना त्यासोबत शिक्षकाचा १५ ते २० मिनिटांचा फोनही गेला. केवळ एसएमएसचा परिणाम नगण्य राहिला. फोन केलेल्या मुलांचे गणित मात्र ०.१२ प्रमाण विचलनाने सुधारले. पुढे भारत, नेपाळ, फिलिपिन्स, केनिया व युगांडा या पाच देशांत तोच प्रयोग झाला. सरकारी शिक्षकांनी केलेले फोन स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांइतकेच परिणामकारक ठरले, हा त्यातील आपल्यासाठी महत्त्वाचा निष्कर्ष होय. यासाठी लागणारे तंत्रज्ञान म्हणजे साधा, बटनांचा फोन.

फोन कोणाचा?

२०२१ च्या ‘असर’ अहवालानुसार घरात स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी सुमारे २६ टक्क्यांना तो वापरायलाच मिळत नव्हता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरत असलेला मोबाइल असणाऱ्या स्त्रिया सुमारे ५४ टक्के आढळल्या. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के होते. पानिपतसारख्या जिल्ह्यात याचा अर्थ असा की शाळेच्या नोंदवहीत बापाचा क्रमांक असतो, तो फोन बापासोबत कारखान्यात जातो, आणि मुलीला शाळेत पाठवायचे की धाकट्या भावंडासाठी घरी ठेवायचे, हा रोजचा निर्णय घेणारी आई निरोपाच्या कक्षेबाहेर राहते. स्थलांतरित कुटुंबांत क्रमांकही वरचेवर बदलतो. हुद्देदार हिंदीतील किंवा खासगी शाळांच्या इंग्रजीतील लेखी सूचना भोजपुरी, मैथिली वा बंगाली बोलणाऱ्या आईला कितपत कळणार, हा आणखी एक प्रश्न. अशा ठिकाणी अर्ध्या मिनिटाचा ध्वनिसंदेश लेखी परिपत्रकापेक्षा सरस ठरतो.

घरातील आई हीच मुलांची पहिली शिक्षिका, हा विचार पानिपतला नवा नाही. येथील उर्दू कवी अल्ताफ हुसेन हाली यांनी १८७४ मध्ये ‘मजालिस-उन-निसा’ हा ग्रंथ लिहून स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला होता. महाराष्ट्रात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात माता पालक गट स्थापन झाले, त्यामागील तर्कही हाच.

कायदा काय म्हणतो

पालकांशी संपर्क हे शिक्षकाचे सौजन्य नसून वैधानिक कर्तव्य आहे, हे परीक्षार्थींनी विशेषत्वाने ध्यानात ठेवावे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ (अंमल १ एप्रिल २०१०) याच्या कलम २४ नुसार शिक्षकाने पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती यांची माहिती द्यावयाची आहे. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असणे बंधनकारक आहे. दुसऱ्या बाजूला, ८६ व्या घटनादुरुस्तीने (२००२) अनुच्छेद ५१ क मध्ये ६ ते १४ वर्षांच्या पाल्यास शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून समाविष्ट केले.

व्हॉट्सॲप गटावर गुणपत्रिका टाकल्या की एका मुलाचे अपयश चाळीस घरांत पोहोचते आणि आयांचे क्रमांक अनोळखी लोकांना दिसतात. हा मुद्दा किरकोळ नाही. मुलीच्या आईचा क्रमांक गटात नको, असे घरातील पुरुष म्हणतात त्याचे एक कारण येथे आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. शैक्षणिक संस्थांना काही मर्यादित सवलती आहेत. सर्वसाधारण सूचना गटावर आणि मुलाविषयीची गोष्ट थेट त्याच्या पालकाशी, एवढा भेद तरी शाळेला आजही पाळता येण्याजोगा आहे.

शिक्षकाच्या वेळेची किंमत

एका वर्गात ४० मुले आहेत असे धरू. प्रत्येक घरी पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटांचा फोन करायचा, तर ४०० मिनिटे, म्हणजे ६ तास ४० मिनिटे लागतात. हे जवळजवळ शाळेच्या एका पूर्ण दिवसाएवढे काम झाले. आज ते शिक्षक संध्याकाळी, स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या रिचार्जवर करतात, आणि ते कोणत्याही कार्यभार-तक्त्यात मोजले जात नाही. ॲपच्या अंदाजपत्रकात सॉफ्टवेअर, प्रशिक्षण व जाहिरात यांचे रकाने असतात. या चारशे मिनिटांचा रकाना नसतो. परिणामी शिक्षक गटावर एक सामायिक संदेश टाकतो आणि पालक तो न वाचता पुढे सरकतो. दोघांचेही वागणे आपापल्या जागी सयुक्तिकच असते.

खर्च कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे सर्वांना सारखेच फोन न करणे. सलग तीन दिवस गैरहजर असणारे किंवा वाचनात मागे पडलेले मूल चाळीसपैकी आठ-दहा असेल, तर त्या घरांसाठी पंधरवड्याला दीड तास पुरतो. उरलेल्यांसाठी महिन्याचा एक ध्वनिसंदेश चालू शकतो. हजेरीची नोंद अनेक राज्यांत संगणकीय झाली असल्याने अशी यादी काढणे अवघड राहिलेले नाही. त्या दीड तासाची तरतूद शाळेच्या वेळापत्रकात करायची की नाही, हा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत येऊ शकतो. आणि पानिपतच्या कामगार वस्तीत ती सभा सकाळी अकराऐवजी पाळी सुटल्यावर ठेवली, तर समितीतील तीन चतुर्थांश पालकांपैकी काही जण तरी मजुरी न बुडवता तेथे बसलेले दिसतील.