समितीची सभा सजीव कशी राहील?

२००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीनचतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असावयास हव्यात. परंतु संख्या भरली म्हणजे सभा भरली, असे नव्हे.

एका शाळेत एक माता वर्षभर मुकाट्याने अंगठा उमटवून जात असे. गुरुजींनी एकदा आपण होऊन विचारले, तेव्हा ती म्हणाली, “पावसात ओढा भरला की लेकरं पलीकडंच अडकत्यात.” पालकांनी ओढ्यावर पाळीपाळीने उभे राहण्याचे तेथेच ठरविले. पुढील सभेत गुरुजींनी प्रथम त्याचेच निवेदन केले. मग इतर माताही बोलू लागल्या.

तात्पर्य, सभेची वेळ पालकांची कामे पाहून ठरवावी, अबोल सभासदास आधी विचारावे आणि मागील सूचनेचे उत्तर दिल्यावाचून नवा विषय घेऊ नये. ज्याच्या शब्दाची दखल घेतली जाते, तो पुन्हा येतो.