क्रोमॅटोग्राम जुळवायचे, पण कशाशी?

समजा सरांनी हजेरी नावाने न घेता बाकाच्या क्रमांकाने घेतली तर? एक जण शेजारच्या बाकावर सरकला की दोघांचीही हजेरी चुकली! एचपीएलसीचे वीस क्रोमॅटोग्राम संगणकात एकाखाली एक मांडले की नेमकं हेच होतं. एकाच पदार्थाचं शिखर आज 6.20 मिनिटांना येतं, उद्या 6.28 ला. कॉलम जुना होतो, तापमान बदलतं, मोबाइल फेजचं प्रमाण किंचित हलतं. संगणक मात्र फक्त वेळेचा रकाना बघतो. त्याला वाटतं, पदार्थच वेगळे!

यावर उपाय म्हणजे सगळे आलेख एका संदर्भ क्रोमॅटोग्रामशी जुळवणे. हा संदर्भ आणायचा कुठून? पटकन सुचते ती सरासरी. पण शिखरं सरकलेली असताना सरासरी काढली, तर टोकदार शिखराऐवजी बसका उंचवटा मिळतो, कधी चक्क दोन उंचवटे! म्हणून क्रम असा ठेवावा :

1. बेसलाइन दुरुस्त करा व सर्वांचे वेळेचे बिंदू सारखे करा.
2. प्रत्येक आलेखाचा बाकी सर्वांशी सहसंबंध काढा. ज्याची सरासरी सर्वाधिक, तो तात्पुरता संदर्भ. एकच उंच शिखर निकाल ठरवू नये म्हणून आधी उंचीचं वर्गमूळ घ्या.
3. सर्व आलेख त्याच्याशी जुळवा. यासाठी डेन्मार्कच्या नील्सन, कार्स्टेन्सन आणि स्मेड्सगार्ड यांनी 1998 मध्ये मांडलेली 'सीओडब्ल्यू' पद्धत वापरता येते. ती आलेखाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा थोडा ताणते किंवा दाबते.
4. आता सरासरी काढा. हा झाला सुधारित संदर्भ. त्याच्याशी मूळ आलेख पुन्हा जुळवा. आधीच ताणलेले नव्हे.

खरी मेख पुढेच आहे. एखादं शिखर मोजक्याच नमुन्यांत असेल आणि निवडलेल्या संदर्भात नसेल, तर सॉफ्टवेअर त्याला ओढून शेजारच्या शिखरावर बसवू शकतं. औषधातली अशुद्धी शोधायला निघालो आणि तीच गायब! म्हणून सर्व नमुन्यांचा थोडा थोडा भाग एकत्र करून ते मिश्रणही कॉलममधून चालवावं. त्यात प्रत्येकाची हजेरी लागते, फक्त दुर्मिळ पदार्थ फार विरळ होऊन दिसेनासा होत नाही ना, एवढं तपासावं.

आणि हो, जुळवणीच्या आधीचं व नंतरचं शिखराखालचं क्षेत्रफळ जरूर ताडून पाहा. पडद्यावर सुंदर जुळलेला आलेख खरा असेलच असं नाही!